हिप्परग्याच्या काठाचा गाळ मोजायचा आहे: साहित्य आणि माणसांसाठी आवाहन

सोलापूरकरांनो, नमस्कार.

आदिला नदीवरचा एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, एकोणिसाव्या शतकापासून गाळ पोटात घेत आला आहे. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि आपल्याकडे गाळाला चांगला भाव आला. गाळ शेतात जावा, असंच आम्हालाही वाटतं. मात्र काठाच्या कोणत्या भागात दरवर्षी किती थर बसतो, हे हाती असल्याशिवाय खोदाईची जागा ठरवू नये. तो थर मोजण्यासाठी यंदा मृगात काठावर सहा ठाणी मांडायची आहेत.

काठाचं गणित असं आहे. पाणी ओसरलं की ओल्या गाळावर आधी लव्हाळा आणि हरळी येते. हिवाळ्यात पट्टकादंब चरतात ते याच आखूड गवतावर. तिथे बेशरम किंवा पाणकणीस शिरलं की दाट देठांमधून जाताना पाण्याचा वेग मरतो आणि वाहत आलेला बारीक गाळ तिथेच खाली बसतो. काठ उंचावतो, पाण्याखाली राहण्याचे दिवस कमी होतात आणि मग वेडी बाभूळ पाय रोवते. समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलींतही वनस्पती आणि गाळ एकमेकांना असेच वाढवत नेतात. फरक एवढाच की तिथे भरती बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा येते, आपल्याकडे पाणी वर्षातून एकदा चढतं आणि उन्हाळाभर उतरतं. त्या दलदलींसाठी तयार झालेली मोजणीची पद्धत आपल्या काळ्या मातीला जुळवून घ्यायची आहे.

नदी तलावात शिरते तिथे, मधल्या काठावर आणि बांधाजवळ अशा तीन ओळी आखू. प्रत्येक ओळीवर दोन ठाणी, एक वरच्या पातळीला, एक खालच्या. प्रत्येक ठाण्यावर ५० सेंमी बाय ५० सेंमीचे तीन चौकोन. चौकोनात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या पावडरचा १ सेंमी जाड थर पसरायचा. एका चौकोनाला साधारण ३ किलो लागते. १८ चौकोनांचे ५४ किलो झाले, सांडलवंड धरून ६० किलो हवी. चिनी मातीची भांडी घडवणाऱ्यांकडे ती असते. चुना कृपया देऊ नका: तो मातीशी आणि पाण्याशी रासायनिक क्रिया करतो आणि थर घट्ट होऊन बसतो. पुढच्या वर्षी चाकूने गाळाचा तुकडा कापला की पांढऱ्या रेषेच्या वर जेवढी माती, तेवढा नवा गाळ.

खरी अडचण काळ्या मातीच्या भेगांची आहे. मे महिन्यात पावडर टाकली तर ती सरळ भेगेत उतरते आणि रेषा तुटते. म्हणून मृगाच्या एक-दोन चांगल्या सरींनी भेगा मिटल्या की, पण पाणी चढण्याआधी, दोन दिवसांत सगळे चौकोन उरकायचे. आपला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो, त्यामुळे एवढी सवड मिळते. तुकडा कापण्याची वेळही तितकीच नेमकी हवी. पाणी हटून आठ-दहा दिवस झालेले असावेत: त्याआधी गाळ पातळ असतो आणि रेषा फिसकटते, उशीर झाला तर पुन्हा भेगा पडतात. परदेशी अभ्यासक पातळ गाळ द्रव नायट्रोजनने गोठवून काढतात. आपण वेळ साधली तर त्या खर्चाची गरज नाही.

पांढरी रेषा वर बसलेला थर दाखवते. खालची जुनी माती दबून काठ किती खचला, हे तिला कळत नाही. त्यासाठी प्रत्येक ठाण्यावर १६ मिमीची सळई मुरूम लागेपर्यंत ठोकायची आणि ३० सेंमी वर ठेवायची. नदीच्या तोंडाशी माती खोल असेल, म्हणून ३ मीटरचे १२ तुकडे, टोकांना आटे पाडलेले, आणि ६ कपलर हवेत. मोजमाप सळईला चिकटून घेऊ नये, कारण पाणी तिच्या बुडाशी खळगा पाडतं. सळईच्या माथ्यावर आडवी पट्टी धरून, लेव्हल लावून, ३० सेंमी अंतरावर चारही दिशांना मोजायचं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की बसते. म्हणून दरवर्षी त्याच ओलीला मोजणी. उघड्या सळईत जाळं अडकतं, गुरांना इजा होते आणि भंगारात जाण्याची भीती असते, तेव्हा पीव्हीसी पाइपचे झाकणासह ६ तुकडेही लागतील.

वनस्पतींच्या नोंदीला १ मीटर बाय १ मीटरची चौकट पुरते. नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एकदा, ओळीवर दर १० मीटरला चौकट ठेवायची. कोणती वनस्पती, किती टक्के जागा, किती उंच, हे लिहायचं आणि वरून फोटो काढायचा. यासाठी आठ माणसं हवीत. झाडं ओळखता आली नाहीत तरी चालेल, ते आम्ही शिकवू. दर महिन्याला येणारा माणूस मात्र हवा. गमबूट स्वतःचे आणा. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, ती दिसली तर त्या महिन्यात ती चौकट सोडायची.

एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने भट्टी वापरू दिली तर फार मोठं काम होईल. जाडी एकटी फसवते. ओला भुसभुशीत गाळ जास्त वाटतो. ठरावीक आकारमानाच्या कड्यात भरलेला नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवून तोलायचा, मग ५५० अंशांवर ४ तास जाळून सेंद्रिय भाग काढायचा. चिकणमातीच्या रचनेतलं पाणीही तेव्हा काही प्रमाणात उडतं, त्यामुळे हा आकडा थोडा चढा येतो. ठाण्याठाण्यांच्या तुलनेला तो पुरेसा आहे.

गाळ नेणाऱ्या ट्रॅक्टरमालकांना आणि गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांना कळकळीची विनंती: ठाण्यांपासून २० मीटर लांब राहा आणि कुठून किती ट्रॉल्या उचलल्या, एवढं सांगा. खोदताना जुन्या जमिनीचा रंग किती खोलीवर लागला हे तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. ती खोली वहीत लिहून ठेवलीत तर आमची कित्येक वर्षांची मोजणी वाचेल.

रोख देणगी आम्ही घेणार नाही. वस्तू, वेळ आणि प्रयोगशाळा द्या. तलाव सरकारी आहे, रीतसर परवानगी हातात आल्याशिवाय एकही सळई ठोकली जाणार नाही. साहित्य ३१ मेपर्यंत लागेल. तोवर दर रविवारी सकाळी ७ वाजता आम्ही बांधावर असतो.