गाईडला ‘गाडी मागे घ्या’ म्हणता आले पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत जंगल-सफारीच्या जाहिराती दाटीवाटीने येऊ लागतात आणि त्यांपैकी दोन-तीन जाहिरातींत तरी ‘हमखास व्याघ्रदर्शन’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात. त्यातल्या ‘हमखास’ या शब्दाविषयी मला लिहायचे आहे. मी चिमूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून ताडोब्याचे कोलारा प्रवेशद्वार माझ्या गावापासून दूर नाही. माझे काही विद्यार्थी आज जिप्सी चालवतात, काही गाईड आहेत, तेव्हा हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे. तरीही त्यावर लिहावे, असे वाटले ते अलास्काला जाऊन आल्यावर.

गेल्या ऑगस्टमध्ये सिएटलला राहणाऱ्या लेकीने आम्हा दोघांना अलास्कातील जुनो येथे नेले. जुनो ही त्या राज्याची राजधानी असली तरी बाहेरून तिथे जाणारा मोटाररस्ता नाही, बोटीने किंवा विमानानेच पोहोचता येते. चिमूरला रेल्वे नाही म्हणून आयुष्यभर कुरकुर केलेल्या मला हे ऐकून जरा बरे वाटले. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे मी तीस वर्षे चौथीच्या मुलांना शिकवले, पण तो पाहिला नव्हता आणि समुद्रही जन्मात दोनदाच पाहिला होता.

ऑक बे नावाच्या बंदरातून आमची बोट निघाली. त्या पाण्यात उन्हाळ्यात येणारे हम्पबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात चार-साडेचार हजार किलोमीटर पोहून हवाई बेटांकडे जातात. पिल्ले तिकडच्या कोमट पाण्यात होतात, पण तिथे त्यांना खायला जवळपास काही मिळत नाही, म्हणून वसंतात ते पुन्हा उत्तरेच्या थंड, माशांनी भरलेल्या पाण्यात परततात. बाळंतपण एकीकडे आणि पोट दुसरीकडे, असा हा संसार आहे. प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची पांढरी-काळी नक्षी वेगळी असते आणि आपल्याकडे पट्ट्यांवरून वाघ ओळखतात तसे अभ्यासक त्या नक्षीवरून देवमासा ओळखतात.

अर्ध्या तासाने दूरवर पाण्याची वाफ उडाली आणि बोटीवरचे आम्ही सगळे एका बाजूला धावलो. कप्तान बाईंनी बोटीचा वेग उतरवला आणि आणखी जवळ जाणार नसल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले. अलास्काच्या पाण्यात हम्पबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, दूर राहण्याचा कायदा २००१ पासून आहे. देवमासा ज्या दिशेने पोहतो आहे तिकडे आधीच जाऊन वाट अडवून बसणे, हेदेखील त्याच कायद्याने निषिद्ध आहे. पुढे काय झाले, तर तो प्राणी स्वतःच आमच्याकडे वळला. बाईंनी इंजिन न्यूट्रलमध्ये टाकले. आमच्या बोटीहून किती मोठा असेल याचा अंदाज बांधण्याआधीच ती ओली, काळी पाठ वर आली, खाली गेली आणि मागोमाग शेपूट उभी राहिली. माझ्या यजमानांनी नकळत हात जोडले. तीस मिनिटे झाल्यावर बाईंनी घड्याळ पाहिले आणि देवमासा समोर असतानाच बोट हळूहळू बाजूला काढली. एका गृहस्थांनी आणखी पाच मिनिटे थांबण्याची विनंती केली, तेव्हा त्या हसून ‘नाही’ म्हणाल्या. बोटीवर चाळीसेक प्रवासी होते, पण त्या ‘नाही’वर कोणीही वाद घातला नाही.

तिकडे सारेच सोवळे आहे, असा माझा दावा नाही. देवमासा न दिसल्यास पैसे परत, अशी हमी देणारे बोटवाले जुनोतही आहेत, म्हणजे आपला ‘हमखास’ तिथेही पोहोचलेला आहे. सुमारे ३२,००० वस्तीच्या त्या गावात एका हंगामात सोळा लाखांवर जहाज-प्रवासी उतरू लागले, तेव्हा गावकरी वैतागले आणि २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचे जहाज कंपन्यांशी ठरले. गर्दी त्यांनाही चुकलेली नाही. फरक एवढाच की किती माणसे आली म्हणजे पुरे झाले, हे त्यांनी आकड्यात मांडले.

अस्वलांच्या बाबतीत तर हा आकडा फारच लहान आहे. जुनोजवळच्या अ‍ॅडमिरल्टी बेटाला तेथील मूळ रहिवासी त्लिंगित लोक ‘अस्वलांचा किल्ला’ या अर्थाच्या नावाने ओळखतात आणि त्या बेटावर सुमारे १,६०० तपकिरी अस्वले असल्याचा अंदाज आहे. तिथल्या पॅक क्रीक या ओढ्यावर भर हंगामात दिवसाला २४ जणांनाच परवाना मिळतो. लेकीने तो कित्येक महिने आधी घेऊन ठेवला होता. पाण्यावर उतरणाऱ्या लहानशा विमानातून आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो आणि किनाऱ्यावरच्या वनरक्षकांनी आधी आमची पिशवी तपासली. लेकीच्या नकळत मी घेतलेले शेंगदाण्याचे दोन लाडू पेटीबंद झाले, कारण अस्वलाला माणसाच्या अन्नाचा एकदा वास लागला की ते माणसाच्या मागे लागते आणि शेवटी जीव अस्वलाचाच जातो. पळायचे नाही, पांगायचे नाही, ठरवून दिलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून हलायचे नाही, हे सारे दहा मिनिटे समजावून सांगितल्यावरच आम्हाला पुढे सोडण्यात आले.

ऑगस्टमध्ये सॅमन मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्यात अंडी घालायला चढतात. आपल्याकडे पहिल्या पावसात नाल्याला लागणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. फक्त तिथे एकेक मासा हातभर लांब आणि त्याला धरायला उभे असलेले अस्वल तीनशे-चारशे किलोचे. एक मादी आपली दोन पिल्ले घेऊन आमच्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर तास-दीड तास मासेमारी करत होती. मासे मुबलक असले की अस्वल नुसती अंडी, मेंदू आणि कातडी खाऊन बाकीचे टाकून देते, आणि पुष्कळदा मासा तोंडात धरून रानात जाते. उरलेला भाग गरुड, कावळे आणि किडे संपवतात व त्याचे खत झाडांच्या मुळांशी जाते. त्या किनाऱ्यावरच्या झाडांच्या खोडांत समुद्रातून आलेला नत्र शास्त्रज्ञांना सापडला आहे. शेतकऱ्याची बायको म्हणून मला हे सर्वांत जास्त आवडले, की तिथे रानाला खत घालण्याचे काम अस्वल करते.

त्याच राज्यातल्या मॅकनील नदीवर १९७३ पासून सोडत काढून दिवसाला दहाच प्रेक्षक नेले जातात. तिथे एका वेळी कित्येक डझन अस्वले गोळा होत असूनही ही पद्धत सुरू झाल्यापासून एकाही प्रेक्षकाला अस्वलाने जखमी केलेले नाही. आपल्याकडे अस्वल म्हटले की बातमी येते ती पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईचा चेहरा फाडल्याची. दोन्ही प्राण्यांत फरक आहे, हे मी जाणते. आपले अस्वल वाळवी शोषून खाणारे, पिल्ले पाठीवर घेऊन फिरणारे आणि वाघाच्या भीतीने आधी हल्ला करून मोकळे होणारे आहे. पण त्याच्याबद्दल आपल्याला माहिती तरी किती असते? आम्ही लहान असताना दरवेशी गावात अस्वल घेऊन यायचा, भीती जावी म्हणून मुलांना त्याच्या पाठीवर बसवत आणि ताईतासाठी त्याचे केस विकत घेत. तो खेळ बंद झाला हे उत्तम झाले, मात्र त्याच्या जागी दुसरी ओळख आली नाही. २०१८ साली ताडोब्यात मटकासुर वाघाशी पिल्लावाली मादी झुंजली, तेव्हा ती चित्रफीत देशभर फिरली, पण तीही वाघ चौकटीत होता म्हणून.

आता गावाकडची गोष्ट. परतल्यावर डिसेंबरात पाहुण्यांसोबत आम्ही एका सफारीला गेलो. ठिकाण सांगत नाही. रस्त्याच्या कडेला वाघीण बसलेली होती आणि अकरा जिप्सी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. ती उठून रस्ता ओलांडू पाहत होती आणि प्रत्येक वेळी पुढची गाडी थोडी सरकत होती. आमचा गाईड माझा विद्यार्थी. मी त्याला हळूच म्हटले, गाडी मागे घ्यायला सांग ना. तो म्हणाला, ‘‘समजते मले बाई, पण गाडी मांगं घेतली तं पाव्हणे नाराज होते. मंग बक्षीस कोन देईन?’’ एकेकाळी पाढे चुकला म्हणून याच मुलाला मी उभे केले होते. यावेळी त्याचे गणित चुकलेले नव्हते.

नियम आपल्याकडेही आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यापासून २० मीटरहून अधिक आणि एकाच रस्त्यावरच्या दोन वाहनांत ५० मीटर अंतर सांगितलेले आहे. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पाच बछड्यांसह निघालेल्या वाघिणीला जिप्सींनी अडवले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली. ती योग्यच होती, परंतु ज्याची कमाई पर्यटकाच्या खुशीवर ठरते त्यालाच पर्यटकाला नाराज करण्याचे काम देऊन आपण वर त्यालाच दंड करतो, हे मला पटत नाही. जुनोच्या कप्तान बाई ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण त्या ‘नाही’च्या मागे ठरलेला नियम उभा होता आणि कंपनीने त्यांना मागे खेचले नाही.

म्हणून वनविभागाला माझी विनंती आहे की गाईडचे मानधन एवढे असावे की बक्षिसाविना त्याचे घर चालेल, आणि बक्षीस द्यायचेच असेल तर ते प्रवेशद्वारावरच्या पेटीत जमा होऊन सर्वांना सारखे वाटले जावे. गाईडने गाडी मागे घ्यायला सांगितली आणि पर्यटकाने हुज्जत घातली, तर त्या पर्यटकाचे पुढचे आरक्षण रद्द करण्याचा अधिकार गाईडच्या लेखी तक्रारीला असावा. सफारी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटांची माहिती सक्तीची करावी. ती माहिती फक्त गाडीतल्या पाहुण्यांपुरती ठेवू नये. मोह गळू लागण्याच्या आधी, फेब्रुवारीच्या ग्रामसभेत, याच गाईडांनी येऊन अंधारात रानात कसे शिरावे, आवाज का करत जावा, अस्वल समोर आले तर काय करावे, हे गावातल्या बायांना सांगावे आणि त्याचे पैसे सफारीच्या उत्पन्नातून त्यांना मिळावेत. आपल्या जाहिरात विभागानेही ‘हमखास’ हा शब्द छापण्याआधी एकदा विचार करावा, एवढे वाचक म्हणून सुचवते.

ताडोब्याचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडते. गाईडांचे प्रशिक्षण त्याच बंद महिन्यांत होऊ शकते. पॅक क्रीकला आम्हाला दिलेल्या सूचनांचा कागद मी जपून ठेवला आहे. कोणाला हवा असल्यास त्याचे मराठी करून द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. चिमूर, जि. चंद्रपूर