तुझ्या सिनेमातल्या सिनेमाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी पटकथा काल रात्री एका बैठकीत वाचून काढली. तुटपुंज्या पैशांत सिनेमा करायला निघालेल्या माणसांवर विनोदी सिनेमा करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं सेटवर आवाज रेकॉर्ड करत कानाला हेडफोन लावून बसते, त्यामुळे हे जग कागदावर उतरलेलं बघून फार बरं वाटलं. निर्मात्याचे फोन झकास जमलेत. पण एक गोष्ट खटकली, आणि दुसरा खर्डा लिहायला बसण्याआधीच ती तुझ्या कानावर घालायला हवी.

तुझा दिग्दर्शक बावळट आहे. कॅमेरामन आढ्यतेखोर, नटी नखरेल, असिस्टंट धांदरट. जे काही बिघडतं ते यांच्या मूर्खपणामुळे बिघडतं, त्यामुळे दहाव्या पानानंतर पुढे काय होणार ते आधीच कळतं. सेटवर तसं नसतं रे. तिथे जो तो आपापलं काम जीव ओतून करत असतो, प्रत्येकाचं म्हणणं बरोबर असतं, आणि ती सगळी बरोबर म्हणणी एका छोट्या खोलीत एकमेकांवर आदळतात. हसू तिथून यायला हवं.

स्वयंपाकघरातला तुझा भांडणाचा प्रसंग घे. दोघं दबक्या आवाजात बोलतायत. मला फ्रिज बंद हवा. त्याची घरघर संवादाखाली बसली की नंतर काढायला गेलं तर नटांच्या आवाजाचीही वाट लागते. शिवाय एक शॉट फ्रिज चालू असताना आणि दुसरा बंद असताना घेतला, तर एडिटमध्ये प्रत्येक कटला मागचा आवाज बदललेला कळतो. पंखाही बंद, खिडक्याही बंद. आता लाइटमुळे खोली तापते, नटाच्या कपाळावर घाम येतो, मेकअपवाली धावते. घाम पुसला की चेहरा मागच्या शॉटशी जुळत नाही, म्हणून कंटिन्युइटी बघणारी मुलगी हरकत घेते. कॅमेरामनला वाइड फ्रेम हवी, म्हणजे माझा बूम, लांब काठीवरचा माइक, आणखी वर जाणार, आणि वर गेला की त्याची सावली भिंतीवर पडणार. मग नटाच्या कपड्यात छोटा लेपल माइक लपवायचा, तर कापडाची सळसळ. यात चुकलं कोण, सांग. आणि या सगळ्यात बाहेरचा उजेड उतरायला लागलेला असतो.

फ्रिज बंद केला की आम्ही साउंडवाले गाडीची किल्ली त्यात ठेवतो. पॅक अपच्या गडबडीत तो परत चालू करायचा राहून गेला, तर ज्याचं घर त्याचं सामान नासतं. किल्ली आत असली की फ्रिज उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे, तू ती बिनधास्त वापर. पॅक अप झालंय, सगळे दमून बाहेर उभे आहेत, घरमालक दाराला कुलूप लावून लांब गेलाय, आणि युनिटच्या एकुलत्या एक गाडीची किल्ली आत गारठतेय. यासाठी एकाही पात्राला मूर्ख करावं लागत नाही.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. एका सेटवर दिवाणखान्यात भिंतीवर घड्याळ होतं. मला त्याची टिकटिक नको होती आणि कंटिन्युइटीला काटे हललेले नको होते, म्हणून सेल काढून काटे चार वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवले. कथेत तीच वेळ होती. त्या दिवशी एक ज्येष्ठ नट आले होते, केवळ दिग्दर्शकावरच्या मायेपोटी, एक पैसाही न घेता. संध्याकाळी त्यांना दुसरीकडे कामाला जायचं होतं. भूमिकेत घड्याळ नव्हतं म्हणून मनगट मोकळं, फोन असिस्टंटकडे जमा. ते प्रत्येक टेकनंतर मान वर करून भिंतीकडे बघायचे, निवांत व्हायचे आणि म्हणायचे, "वेळ आहे अजून, अजून एक घेऊया." आणि दर खेपेला काम आधीपेक्षा सरस! मॉनिटरमागे असिस्टंट डायरेक्टरची नुसती घालमेल चाललेली. खरी वेळ सांगावी तर उरलेले क्लोज-अप हातचे जाणार, न सांगावी तर ज्या माणसाने फुकट वेळ दिला त्यालाच आपण अडकवणार. शेवटी त्याने जाऊन हात जोडले आणि खरी वेळ सांगितली. त्यांनी एक फोन केला, उभ्या उभ्या शेवटचा क्लोज दिला आणि तसेच पळाले. भूमिकेचा शर्ट अंगावरच. दुसऱ्या दिवशीचा पहिला सीन त्याच शर्टातला!

हे सगळं एका सेलमधून सुरू झालं, बघ. तुझ्या पटकथेत संकटं वरून कोसळतात: पाऊस, पोलीस, पळालेली गाय. गाय हवीच असेल तर तिला काम दे. सत्यजित राय यांनी १९५२ मध्ये 'पथेर पांचाली'चं शूटिंग काशफुलांच्या शेतात सुरू केलं. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शूट करायचे, म्हणून पुढच्या रविवारी परत गेले, तर मधल्या काळात गुरांनी सगळी फुलं फस्त केलेली. उरलेला भाग घ्यायला पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची वाट बघावी लागली. सिनेमा लोकांसमोर आला १९५५ मध्ये. नोकरीतून मिळणारी एक सुट्टी, एका हंगामाची फुलं आणि भुकेली गुरं, तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत म्हणून तो किस्सा अजून सांगितला जातो.

पैसा नसला की सिनेमा वाकतो, आणि कधी कधी त्या वाकण्यातूनच त्याला रूप येतं. फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. अमेरिकन दिग्दर्शक केव्हिन स्मिथने १९९४ चा 'क्लर्क्स' तो स्वतः नोकरी करत होता त्याच दुकानात, दुकान बंद झाल्यावर रात्री शूट केला. कथा तर दिवसाची. मग बाहेरचा अंधार दिसू नये म्हणून कोणीतरी कुलपात च्युइंगम कोंबल्यामुळे शटर उघडतच नाही, असं त्याने कथेतच घातलं. तुझ्या दिग्दर्शकाला अशी एक तरी हुशारी करू दे. त्याने धडपडून अडचणीतून वाट काढली आणि त्या वाटेनेच नवी अडचण आली, तर प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहून हसेल.

फुकट काम करणाऱ्यांबद्दल तू घाईने लिहिलंयस. तिथे थांब जरा. छोट्या सिनेमाचा सगळा डोलारा उपकारांवर उभा असतो, आणि उपकार करायला आलेल्या माणसावर ओरडता येत नाही. ज्याने घर दिलं त्याच्या मुलाला एक वाक्य द्यावं लागतं. ज्याने कॅमेरा दिला तो लेन्सबद्दल मत देतो, आणि ते ऐकावं लागतं. पण ज्या मुलांना पैसे मिळत नाहीत त्यांची झोप आणि जेवण हा विनोदाचा विषय करू नकोस. सतत जागलेला माणूस मोठा लाइट स्टँडवर चढवताना हात सुटून पडू शकतो, रात्री गाडी चालवताना डोळा लागू शकतो. तुझ्या बाविसाव्या सीनमध्ये लाइटवाला पेंगत शिडीवरून पडतो. तो सीन काढच.

त्याऐवजी शेड्यूलकडे बघ. एका लोकेशनचे सगळे सीन एका दमात उरकायचे असतात, त्यामुळे लग्न मोडल्याचा सीन सकाळी आणि पहिल्या भेटीचा दुपारी. सकाळी मेकअपच्या खुर्चीत ओळख झालेल्या माणसासाठी नटी तासाभरात धाय मोकलून रडते, आणि खरं रडते. मग दुपारी त्याच माणसाकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखं लाजायचं! मला या कामाचं कायम अप्रूप वाटत आलंय. तुझ्या "नखरेल" नटीला हे करताना दाखव, तिचे नखरे आपोआप गळून पडतील.

शेवटी रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा नुसता आवाज, घेताना सगळे गप्प उभे राहतात तो सीन तुला फार आवडता आहे, हे दिसतंय. पण टॉम डिसिलोच्या १९९५ च्या 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन'मध्ये तो शेवटाकडे आधीच आहे, आणि ज्याने तो पाहिलाय त्याला लगेच आठवणार. तुझा शेवट तू वेगळा शोध.

आणि एक हक्काचं मागणं. कॅमेरामनला नाव आहे, नटीला आहे, निर्मात्याच्या मेव्हण्यालाही आहे. फक्त "साउंडवाला" मात्र नुसता साउंडवाला! लेपल माइक चालू राहिला की सगळ्या युनिटच्या मनातलं त्याच्याच कानावर पडतं, मेकअपरूममधलं रडणं, निर्मात्याची फोनवरची उसनवारी, आणि आवाजाचा फेडर खाली करून तो ते पोटात ठेवतो. एवढं जाणणारं पात्र तुझ्या हाताशी असताना त्याला दोनच वाक्यं का? त्याला नाव दे. जमलं तर साउंडवाल्याची साउंडवाली कर. खर्डा झाला की पाठव, मी सीननिहाय टिपणं काढून देईन.

तुझी मैत्रीण