पोरींना खेळायला पुढे टीम तरी द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

दिवाळीत माझा भाचा मेलबर्नहून आला होता, त्याने मोबाईलवर तिकडच्या बायकांच्या फुटबॉलची मॅच दाखवली. आपला फुटबॉल नाही हा, अंड्यासारखा लांबट बॉल, क्रिकेटच्या ग्राउंडवर एका बाजूने सोळा जणी, बॉल हातात घेऊन पळायचं, धरून पाडायचं, आणि मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारला की सहा पॉइंट. माझी पोरगी कबड्डीवाली, ती खाटेवर उठूनच बसली, म्हणे पप्पा, पकड तर आपलीच आहे.

त्यातल्या एरिन फिलिप्सची गोष्ट भाच्याने सांगितली ती डोक्यातून जात नाही. वडील याच खेळातले नावाजलेले, ही लहानपणी पोरांसोबत खेळायची, पण तेरा-चौदाची झाली आणि पुढे पोरींची टीमच नाही म्हणून खेळ सुटला, मग बास्केटबॉल धरलं, पार अमेरिकेत जाऊन खेळली. 2017 ला तिकडे या खेळाची बायकांची लीग निघाली तेव्हा तिची तिशी उलटलेली, तरी पहिल्याच वर्षी लीगची बेस्ट प्लेयर. तेव्हा पगार पण जेमतेम, सगळ्यात कमी वर्षाला 8,500 ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यामुळे पोरी दिवसा शाळेत, दवाखान्यात नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला यायच्या. 2019 च्या फायनलला ॲडलेडमध्ये 53,034 लोक होते, त्यात हिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, स्ट्रेचरवरून नेताना लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती परत आली आणि 2022 ची फायनल टीमसोबत जिंकली.

माझ्या पोरीचा पण तोच लिगामेंट गेलाय. तालुक्याच्या मॅचमध्ये, मुरमाच्या ग्राउंडवर वळताना गुडघ्यात कट्ट आवाज झाला. आम्ही मुरगळलं समजून तेल लावून शेकत बसलो, दोन महिने असेच घालवले, ही माझी चूक. मग जळगावला एमआरआय, ऑपरेशन. आता रोज सकाळी ओट्याच्या पायरीवर एका पायाने चढउतर करते, खाटेच्या पायाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ओढते, डोळ्यात पाणी येतं पण तीसचा आकडा झाल्याशिवाय उठत नाही. आजी म्हणते, आंडेरनी जात शे, पाय मोडना ते कसं व्हई (पोरीची जात आहे, पाय मोडला तर कसं होईल). आजीची काळजी खरी आहे, तिला काय बोलणार.

डॉक्टर म्हणतात नऊ-दहा महिन्यांनी खेळेल. पण साहेब, खेळेल कुठे? अकरावीला जिथे नाव घातलंय तिथे मुलींची टीम नाही, गावातल्या मंडळाची टीम फक्त पोरांची, सोबतच्या सात जणींपैकी आता दोघीच प्रॅक्टिसला जातात. आमच्या इकडे यात्रेत पोरांच्या कबड्डीला रोख बक्षिसं लागतात, ढाल लागते, त्यात मुलींच्या चार टीमचा एक दिवस मंडळांनी ठेवावा. आणि तुम्ही पोरांच्या टीमची नावं छापता तशी पोरींची पण छापा, कॅप्टनच्या एकट्या नावावर भागवू नका. मागच्या वर्षीचं कात्रण पोरीने वहीत चिकटवलंय, त्यात बाकी सहा जणींची नावं तिने पेनाने लिहिलीत.

आपला,
एक पालक, अमळनेर तालुका