शिबुया राहू द्या, सुगामोला चला

प्रिय आई, बाबा आणि आजी,

फोनवर धड बोलणं होत नाही, आई तू मध्येच कुकर बघायला पळतेस आणि आजीला ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते. बाबा, आजीला मोठ्याने वाचून दाखवा.

इथे टोकियोत शिबुयाचं ते फेमस क्रॉसिंग बघितलं, फोटो पाठवलेत, बास. गर्दी काय दादरलाही असते. मला टोकियो आवडायला लागलं ते यानाकात गेल्यावर. निप्पोरी स्टेशनला उतरलं की चालत, म्हणजे लांब कुठे आडबाजूलाही नाही. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले यात टोकियोचा केवढा तरी भाग जळून गेला पण हा भाग बऱ्यापैकी वाचला, त्यामुळे अजून लाकडी घरं आहेत, दारात कुंड्यांची रांग, जेमतेम सायकल जाईल एवढ्या गल्ल्या आणि दर वळणावर एक देऊळ. यानाका गिन्झा नावाची बाजाराची गल्ली आहे ती मात्र आता टुरिस्टांनी भरलेली असते, शनिवार-रविवारी तर नकोच, मागच्या गल्ल्यांत शिरायचं.

तिथेच मोठी दफनभूमी आहे. आई, लगेच 'अगं बाई' करू नकोस, लोक आरामात तिथून चालत जातात, मधल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चेरीची झाडं आहेत. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबूची समाधी तिथेच आहे. शोगुन म्हणजे बाबा, आपल्या पेशव्यांसारखं समजा, गादी सम्राटाची आणि कारभार यांचा, तो १८६७ मध्ये याने सोडला. जवळच एक पाच मजली पॅगोडा होता, तो १९५७ मध्ये जळाला, आता नुसते पायाचे दगड उरलेत आणि त्याच्या बाजूलाच पोलीस चौकी आहे.

आता आजी तुझ्यासाठी. सुगामो म्हणून एक भाग आहे, त्याला म्हाताऱ्यांचं हाराजुकूच म्हणतात, म्हणजे हाराजुकूला जशी तरुण पोरं कपडे घ्यायला जातात तशा इथे आज्या येतात. कोगान्जी नावाचं देऊळ आहे, तिथे कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, दगडी मूर्ती आहे, आपलं जे दुखतं ना तीच मूर्तीची जागा ओल्या फडक्याने पुसायची. आधी लोक ब्रशने घासायचे, घासून घासून मूर्ती इतकी झिजली की १९९२ मध्ये नवी बसवावी लागली आणि तेव्हापासून फडकं. मी तुझ्या नावाने दोन्ही गुडघे पुसले, मागे रांग होती तरी कोणी घाई केली नाही. आणि हसू नका, त्या रस्त्यावर लाल चड्ड्यांचं दुकान आहे, नुसत्या लाल, त्या घातल्या की अंगात ऊब राहते म्हणे, बायका अगदी निवांत साईझ बघून घेत होत्या. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला देवळाची जत्रा असते, तेव्हा मात्र चालायला जागा नसते, आपण मधलाच दिवस धरू.

रस्ता संपतो तिथे कोशिन्झुकाला ट्राम मिळते. बाबा, मुंबईची ट्राम १९६४ मध्ये गेली, इथल्या शहर सरकारच्या बाकीच्या ट्राम १९७२ पर्यंत काढल्या, त्यांच्यातली ही एकच आराकावा लाईन राहिली कारण तिचे रूळ बहुतेक ठिकाणी रस्त्यापासून वेगळे आहेत, गाड्यांच्या मध्ये येत नाहीत. एका डब्याची ट्राम, घरांच्या अगदी मागून जाते, लोकांचं वाळत घातलेलं दिसतं. मे महिना असल्याने रुळांच्या कडेला गुलाब फुललेत. मिनोवाबाशी हा शेवटचा स्टॉप, तिथे पत्रे घातलेला जुना बाजार आहे, तिथून मी तळलेलं काहीतरी घेऊन खाल्लं, आत बटाटा निघाला, बरं वाटलं.

तुम्ही आलात की मी तुम्हाला टॉवरबिवर दाखवणार नाहीये, हेच दाखवणार. ट्राममध्ये म्हाताऱ्यांसाठी जागा असते, आजीला सहज जमेल. फक्त बाबा, आजीच्या पासपोर्टचं काय झालं ते विचारतेय कधीपासून, त्याचा फोटो नव्याने काढायला लागेल, तेवढं या आठवड्यात करून टाका.

तुमची,
छकुली