चष्मा उतरवला की मुलगी सुंदर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला किशोरवयीनांच्या हॉलिवूड चित्रपटांवरचा लेख वाचला. लेखकाने आपल्या आठवणी जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'हे चित्रपट किती निरागस होते' हे त्यांचे म्हणणे वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

ज्या 'शीज ऑल दॅट'चे (1999) एवढे कौतुक केले आहे, त्यातली मुलगी चित्रे काढते, तिला स्वतःची मते आहेत. तिला शाळेची सौंदर्यराणी करून दाखवतो, अशी पैज एक मुलगा मित्राशी लावतो. मग चष्मा जातो, केस बदलतात, लाल पोशाखात ती जिना उतरते आणि तेव्हा कुठे ती बघण्यासारखी ठरते. तिची चित्रे आधीही तितकीच चांगली होती. ती पाहायला कोण थांबले? 'द ब्रेकफास्ट क्लब'मध्येही (1985) तेच. गप्प बसणाऱ्या मुलीच्या डोळ्यांभोवतीचा काळा रंग पुसला, केस नीट बांधले, की खेळाडू मुलाची नजर तिच्यावर खिळते.

मी शाळेत शिकवत असे. नववीच्या माझ्या वर्गात गणितात अतिशय हुशार अशी एक मुलगी होती. मध्येच ती चष्म्याशिवाय येऊ लागली. फळ्यावरचा 3 वहीत 8 होऊन उतरायचा. विचारले तर 'नंबर गेला' म्हणायची. शेवटी तिच्या मैत्रिणीने खरे सांगितले. असाच कुठलासा सिनेमा पाहून आलेल्या मुलांनी तिचे नाव 'आधीची' ठेवले होते. म्हणजे कायापालट व्हायच्या आधीची! मी तिला पहिल्या बाकावर आणून बसवले, मुलांना खडसावले. तरी चष्मा दप्तरातच राहिला आणि चाचणीतले तिचे गुण घसरले. आईला बोलावले, तर आई म्हणाली, "पण बाई, आता दिसते तरी बरी." त्या बाईंचा राग मला आजही येतो, आणि त्यांच्या मनात हे भरवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

मुलांनाही हे चित्रपट काही भले शिकवत नाहीत. मुलगी नको म्हणाली तर आणखी मागे लागायचे, रडायचे नाही, हळव्या मित्राची टिंगल करायची. 'ब्रेकफास्ट क्लब'मधला एक मुलगा नायिकेला सतत छळतो, तिचा अपमान करतो आणि शेवटी तीच त्याला मिळते. हे मी पदरचे सांगत नाही. त्या नायिकेची भूमिका करणाऱ्या मॉली रिंगवाल्ड यांनीच 2018 मध्ये 'न्यू यॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकात त्याबद्दल लिहिले. ज्या चित्रपटांनी त्यांना नाव दिले, त्यांच्याकडे त्यांना असे परत पाहता आले. मग आपल्या लेखकाला का नाही?

आणखी एक. 'ग्रीस'मध्ये (1978) शाळकरी रिझो झालेल्या स्टॉकर्ड चॅनिंग चित्रीकरणाच्या वेळी 33 वर्षांच्या होत्या. पडद्यावर 'शाळकरी' म्हणून पूर्ण वाढलेल्या बायका दाखवायच्या आणि चौदा वर्षांच्या पोरींनी आरशात स्वतःला त्यांच्याशी ताडून पाहायचे, हा शुद्ध अन्याय आहे. वाढत्या वयात त्वचा, उंची, आवाज सगळेच बदलत असते. त्या अवघडलेपणाला या पडद्यावर जागाच नाही.

हे सारे लेखकापुरते म्हणून सोडून दिले असते. पण त्याच पानावर, लेखाच्या अगदी खाली, आपण 'परीक्षा संपली, आता नवा लुक!' ही चौकट छापली आहे. तिच्यात मुलींना चष्म्याऐवजी लेन्स लावण्याचा सल्ला आहे. मुलांसाठी एक ओळही नाही. ती चौकट कोणी निवडली आणि छापण्याआधी कोणी वाचली, याचे उत्तर मला पुढच्या पुरवणीत हवे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका