आल्मेरीमारहून बापूस पत्र

आल्मेरीमार, स्पेन
ऑक्टोबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. इथे मला आप्पांचा द्राक्षाचा मांडव दिसला. शीतलला सांगितलं तर म्हणाली, सुट्टीत तरी बाग सोड. सईला तर आप्पांची बागच आठवत नाही. राहिलास तू.

आधी गाव सांगतो. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आल्मेरिया प्रांत, त्यात एल एहिदो नावाचं शेतकऱ्यांचं शहर, आणि त्याचं हे समुद्राकाठचं टोक. निवांत आहे. बोटींचा धक्का एवढा मोठा की हजारभर बोटी सहज लागतात. थंडीच्या तोंडावर युरोपभरचे बोटवाले मुक्कामाला येतात, कारण धक्क्याचं भाडं परवडतं. बाजूला गोल्फचं मैदान, गॅरी प्लेअरनं आखलेलं. तू असतास तर म्हणाला असतास, 'एवढ्या गवतात एक म्हैस नाही?' मी शीतलला तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, ती इतकी हसली की शेजारचे गोरे वळून बघायला लागले. पूर्वेला पुंता एंतिनास म्हणून राखीव किनारा आहे, वाळूच्या टेकड्या, जुनी मिठागरं आणि पाण्यात फ्लेमिंगो. नांदूरमध्यमेश्वरला सायकली दामटत जायचो ते आठवलं.

पण गोल्फचं गवत संपलं की लगेच भाजीच्या शेडचं प्लास्टिक सुरू होतं, ते थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. या प्रांतात 30,000 हेक्टरांहून जास्त जमीन प्लास्टिकखाली आहे. उपग्रहाच्या फोटोत पांढरी दिसते. आम्ही इंग्लंडात थंडीभर जी ढोबळी मिरची आणि काकडी खातो, ती इथली. धाकटा संदीप मला पॉलिहाऊसचे जे व्हिडिओ पाठवतो तेही इथलेच, हे मला इथे आल्यावर समजलं.

एका शेडचं दार उघडं होतं. आत एक म्हातारे गृहस्थ मिरची तोडत होते. सईला शाळेत स्पॅनिश आहे, तिनं बोलणं चालवलं. मी वर बघितलं आणि बापू, वर मांडव होता. उभे खांब, त्यावर तारांची जाळी, कडेचे खांब बाहेर कललेले आणि त्यांचा ताण जमिनीत पुरलेला. फक्त द्राक्षाच्या जागी दोन जाळ्यांच्या मधे प्लास्टिक दाबलेलं. विचारलं तर म्हणाले, हा द्राक्षाचाच मांडव. त्यांचे वडील डोंगरातल्या गावी द्राक्ष करायचे. इथली द्राक्षं बुचाच्या भुशात, लाकडी पिंपांत भरून इंग्लंड-अमेरिकेला जायची. पुढे सरकारनं खालच्या माळावर जमिनी दिल्या, मातीवर शेणखत आणि त्यावर वाळूचा थर देऊन भाजी घ्यायला शिकवलं, आणि 1963 साली शेजारच्या रोकेतासमध्ये कोणीतरी त्याच मांडवावर प्लास्टिक ओढलं. तिथून हे सगळं.

म्हणजे ह्यांनीसुद्धा द्राक्ष सोडलं. तेव्हापासून मला झोप नाही.

संदीपनं तुला सांगितलंच असेल. तो यंदा विहिरीमागच्या थॉमसन द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी घेणार नाही म्हणतो. बाग तोडायची, वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस टाकायचं, ढोबळी लावायची. सातबारा सामाईक, म्हणून बँकेला माझी सही हवी. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. छाटणी झाली की अवकाळी, कोवळ्या पोंग्यात डावणी रोग, फवारणीला ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. हे तो सोसतोय, मी नाही. आणि 'स्पेनवाले करतात, मग आपण का नाही' ह्याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर मी इथे शोधत बसलो. ह्यांचा मांडव सपाट आहे कारण इथे वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या आषाढात असलं छत पाण्याच्या वजनानं खाली येईल. म्हणून आपल्याला उंच कमानी, जीआय पाइप, आणि म्हणून कर्ज. ह्यांना थंडीत ऊब हवी असते, आपल्याला एप्रिलमध्ये आतली आग बाहेर काढायची असते. इथेही उन्हाळ्यात छताला चुना मारतात, पण लागण बहुतेक त्या उन्हाच्या शेवटी करतात. अनुदान पन्नास टक्के खरं, पण ते मागून येतं आणि हप्ता आधी सुरू होतो. हे तू संदीपला माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ह्या बाबांची जमीन दीड-दोन हेक्टर, इथे बहुतेकांची एवढीच. तरी ते एकटे नाहीत. मागे सोसायटी आहे, लिलावाचा बाजार आहे (भाव वरून खाली उतरत येतो, ज्याला पटला तो थांबवतो), शेडमध्ये येऊन पान उलटून बघणारा तंत्रज्ञ आहे. 2006 च्या अखेरीस जर्मनीत इथल्या मिरचीत बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला, तर पुढच्याच हंगामापासून गावंच्या गावं औषधाऐवजी किडी खाणाऱ्या मित्रकीटकांवर गेली. खोक्यातून भुंगे सोडतात परागीकरणाला, सईला ते फार आवडले. 2011 मध्ये हॅम्बुर्गनं आजाराचं खापर इथल्या काकडीवर फोडलं, मग दोष मोडाच्या धान्यात निघाला, पण तोवर काकडी फेकून झाली होती. बाबा ते सांगताना थांबले. मला तुझं 2010 दिसलं, सीसीसी औषधाच्या अंशावरून युरोपात अडकलेले द्राक्षांचे कंटेनर, आणि तू ओट्यावर बसून बेदाण्याचे भाव विचारत होतास. तू त्यातून उठलास कारण नंतर मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत गेलास. संदीप कुठेच सभासद नाही. माझी काळजी एवढीच आहे, बापू. प्लास्टिकची नाही. तो एकटा कर्ज काढतोय.

पाण्याचंही विचारलं. उपसून उपसून खालच्या पाण्यात समुद्राचं खारं शिरलं, आता बालेर्माजवळ समुद्राचं पाणी गोडं करून शेताला देतात. विहिरीमागची आपली विहीर मार्चला कुठे जाते, तुला ठाऊक आहे.

आणि मजूर. सकाळी मोरोक्को, मालीकडची पोरं सायकलींवर शेडकडे जातात. त्यातली काही पॅलेट आणि जुन्या प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात, गोल्फपासून फार लांब नाही. 2000 च्या फेब्रुवारीत एल एहिदोत मोरोक्कन लोकांची घरं-दुकानं जाळली गेली होती. मला ते बघवलं नाही. पेठ-सुरगाण्याच्या छाटणीवाल्यांना नळ नाही म्हणून तू आप्पांना भरल्या ओट्यावर बोलला होतास. चारचौघांत बोलायला नको होतंस, हे माझं मत अजून तेच आहे. पण नळ आला तो तुझ्यामुळे, आणि आप्पा शेवटपर्यंत लोकांना ते सांगत.

तर काम असं. छाटणीची तारीख टळायच्या आत एकदा संदीपकडे जा. बाग तोडू नको म्हणून सांगू नकोस, तो मोठ्या भावाचा निरोप समजून चिडेल. तुझी शेडनेटची वही घेऊन जा. पहिल्या वर्षाचा लागवड खर्च, मेमधली मरतूक, मुंबईला मिळालेला पडता भाव, सगळं त्याच्यापुढे ठेव. दहा गुंठ्यांवर तयार झाला आणि आधी सभासद झाला, तर मी त्याच दिवशी सही करतो, माझ्याकडचे पैसेही घालतो. उरलेल्या थॉमसनची छाटणी घ्यावी, खर्च माझा.

माझा गुडघा ठीक, साखर आटोक्यात. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? पोरीला नाशिकलाच प्रवेश मिळाला हे आक्काकडून कळलं, फार बरं झालं, तिला माझे आशीर्वाद. ट्रॅक्टर विकलास म्हणे, कोणाला?

तुझा,
दत्ता

ता. क. संदीपला हे पत्र दाखवलंस तरी चालेल, मजुरांचा भागसुद्धा.