आमदाराला दिलेलं मत राज्यसभेत कुठं गेलं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

राज्यसभेची निवडणूक जवळ आली की पेपरात तो रंगीत चौकोन येतोच, पक्षीय बलाबल, भाजप इतके, काँग्रेस इतके, दोन्ही सेना दोन्ही राष्ट्रवादी इतके, आणि खाली बहुमताला किती कमी. चौकोनाबद्दल तक्रार नाही, आकडे बरोबरच असतात. तक्रार अशी की हे आकडे आले कुठून ते कधी लिहून येत नाही, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटतं दिल्लीत कुणीतरी ठरवलं असणार, आपला काय संबंध. संबंध आहे हो. तो आकडा आपल्याच मतातनं निघतो, आणि एकदा दिलेल्या मतातनं किती वेगवेगळे आकडे काढता येतात हे महाराष्ट्राइतकं कुणी बघितलं नसेल.

ज्यांना माहिती आहे त्यांनी हे दोन-चार ओळी सोडून द्या. राज्यसभेत सध्या २४५ जागा, त्यातले १२ राष्ट्रपतींनी नेमलेले, उरलेले २३३ राज्यांतून आणि दिल्लीसारख्या ठिकाणांहून. महाराष्ट्राला १९, आपल्यापेक्षा जास्त फक्त उत्तर प्रदेशला, ३१. हे १९ जण आमदार निवडून देतात पण सगळे एकदम नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश रिटायर होतात म्हणून आपल्याकडं एकदा सात आणि दोनदा सहा अशी पाळी पडलीय. मुदत सहा वर्षं, आणि हे सभागृह कधी बरखास्त होत नाही.

आता २०१९ ची विधानसभा घ्या. ऑक्टोबरमध्ये आपण बटन दाबलं, २८८ आमदार आले, विषय संपला असं आपल्याला वाटलं. त्याच आमदारांनी मार्च २०२० ला सात जण राज्यसभेत पाठवले, आघाडीचे चार म्हणजे शरद पवार, फौजिया खान, प्रियांका चतुर्वेदी, राजीव सातव, आणि भाजपकडून उदयनराजे, भागवत कराड आणि मित्रपक्षाचे आठवले. चार-तीन. जून २०२२ ला सहा जागा होत्या, तिथं तीन-तीन झाले. मग सेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, आणि फेब्रुवारी २०२४ ला परत सहा जागा आल्या तेव्हा आघाडीला एक, काँग्रेसचे हंडोरे, आणि समोर पाच, भाजपचे अशोक चव्हाण, मेधा कुलकर्णी, अजित गोपछडे, शिंदे सेनेचे मिलिंद देवरा आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, जे चार वर्षं शिल्लक असलेली खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसायला उभे राहिले होते. म्हणजे मतदार तोच, मत तेच, आमदार बहुतेक तेच (आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्यासारखी एखादी पोटनिवडणूक सोडली तर), आणि हिशोब तीनदा तीन प्रकारचा. २०२४ ला गेलेल्यांची मुदत एप्रिल २०३० पर्यंत आहे, म्हणजे २०१९ ला दाबलेलं बटन २०३० पर्यंत चालणार. विधानसभेच्या प्रचारात मात्र राज्यसभा हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

२०२२ ची ती एकच वेळ होती जेव्हा खरं मतदान झालं, बाकी दोन्ही वेळा बिनविरोध. त्याआधी असं मतदान १९९८ मध्ये झालेलं, मधली चोवीस वर्षं सगळं आपसात ठरवून उरकलेलं. त्या रात्री मोजणी पार पहाटेपर्यंत लांबली, तक्रारी दिल्लीला आयोगाकडं गेल्या, एका सेना आमदाराचं मत बाद झालं, दोन आमदार जेलमध्ये म्हणून मतदानालाच नव्हते. गंमत बघा, सहाव्या जागेसाठी सेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती आणि धनंजय महाडिकांना २७, तरी निवडून आले महाडिक. कारण आमदार मतपत्रिकेवर पहिली, दुसरी अशी पसंती लिहितो, भाजपच्या पहिल्या दोघांना ४८-४८ पडलेली आणि निवडून यायला लागत होती ४१ च्या आत, पंगतीत एकाचं पान भरलं की पुढच्या पानात वाढतात तशी वरची मतं दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडं वळली. नियमात बसणारंच आहे, घटनेतच तशी पद्धत लिहिलीय. पण दुसऱ्या दिवशी आमच्या इथं सोलापुरात नवी पेठेत चहाच्या गाड्यावर "३३ वाला पडला कसा" हाच विषय, आणि चांगले शिकलेले लोक घोळ झाला म्हणून मोकळे. घोळ नव्हता, पण समजावून सांगायला कुणाला वेळ होता.

महाडिक कोल्हापूरचे असले तरी त्यांचा भीमा कारखाना आपल्या मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदरला आहे, म्हणून इकडं जरा जास्त चर्चा. त्यानंतर दहा-बारा दिवसात सांगोल्याचे तेव्हाचे आमदार गुवाहाटीत जाऊन झाडी-डोंगार बघायला लागले ते तर सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. आणि पडलेल्या बाजूच्या नेत्यांनी ज्या अपक्षांची नावं घेऊन यांनी मत दिलं नाही म्हणून जाहीर आरोप केला त्यात आपल्या जिल्ह्यातलेही एक होते, त्यांनी ते नाकारलं. खरं काय ते आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि माझं म्हणणं इथंच आहे.

२००३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून राज्यसभेला आमदारानं मतपत्रिका पेटीत टाकायच्या आधी आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवायची, घोडेबाजार थांबावा म्हणून. पक्षाच्या एजंटलाच, दुसऱ्या कुणाला दाखवली तर मत बाद. अपक्षानं कुणालाच दाखवायची नाही. म्हणजे ज्या माणसाला मी निवडून दिलं तो माझ्या नावावर कुणाला मत देतो ते पक्षाला कळतं, मला कळत नाही. बरं त्याच दुरुस्तीत त्या राज्याचा रहिवासी असायची अटही काढून टाकली, सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये दोन्ही गोष्टी ठीक आहेत म्हणून सांगितलं, आणि मग महाराष्ट्राच्या जागेवर काँग्रेसकडून उत्तर प्रदेशचे इमरान प्रतापगढी आले, तमिळनाडूचे चिदंबरम आले, भाजपकडून केरळचे मुरलीधरन आले. कुठलाच पक्ष यात मागं नाही.

सोलापूरचं गणित मांडतो. जिल्ह्यात ११ आमदार. सहा जागांची निवडणूक असेल तर पूर्ण २८८ धरून एका खासदाराला साधारण ४२ मतं लागतात, सातची असेल तर ३७. म्हणजे ४५ लाखाच्या आसपास लोकसंख्येच्या जिल्ह्याच्या वाट्याला पाव खासदार येतो, फार फार तर पाव आणि थोडं वर. २०२४ च्या निकालानं हे ११ असे वाटले गेलेत, भाजप ५, शरद पवारांची राष्ट्रवादी ४, बार्शी ठाकरे सेनेकडं आणि सांगोला शेकापकडं. शेकापचा तो एक आमदार राज्यसभेला कुणाला मत देणार हे सांगोल्याच्या मतदारानं विचारायला पाहिजे की नको? थोड्याच मतांनी जागा इकडची तिकडं होते हे बघितलंय आपण.

एवढं काय त्या राज्यसभेत, असं म्हणणारे भेटतात. म्हातारे पुढारी आणि लोकसभेत पडलेले बसवायची जागा, असंही म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण २०१५ ला भूसंपादन कायद्याची दुरुस्ती लोकसभेत पास झाली आणि राज्यसभेत सरकारकडं संख्या नव्हती म्हणून तिथं अडली ती अडलीच. अक्कलकोट-बार्शीकडं सुरत-चेन्नई रस्त्याच्या मोबदल्यावरून जे भांडले त्यांना विचारा भूसंपादनाचा कायदा म्हणजे काय असतो ते. उलट बाजूनं बघा, एप्रिल २०२५ ला वक्फचं बिल राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ नी पास झालं, दहा वर्षांपूर्वीच्या संख्येवर ते इतक्या सहज झालं नसतं. धनविधेयकावर, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या बिलावर, राज्यसभेचं काही चालत नाही, चौदा दिवस ठेवून घ्यायचं आणि परत द्यायचं एवढंच, बाकी कायद्यांना मात्र तिथला चौकोन बघूनच सरकार पुढं जातं.

आणि निधीचं राहिलं. लोकसभेच्या खासदाराला वर्षाचे ५ कोटी आपल्या मतदारसंघात सुचवायचे असतात, राज्यसभेच्या खासदाराला राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात सुचवता येतात. म्हणजे हे १९ जण कुणाचेच नाहीत असं नाही, कायद्यानं सोलापूरचेही आहेत. सोलापूरला कधीकाळी सुशीलकुमार शिंदे राज्यसभेतही होते, अकलूजचे रणजितसिंह मोहिते-पाटील होते, माढ्यातून लोकसभेत गेलेले पवार साहेब २०१४ ला राज्यसभेत गेले, तेव्हा निदान घरचा माणूस म्हणून पत्र घेऊन जायची सोय होती. आता चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीतल्या माणसानं १९ पैकी कुणाकडं जायचं? सगळ्यांकडं जाता येतं हेच त्याला माहिती नसतं.

विधान परिषदेचं लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही. तरी एवढं सांगतो की आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेची मुदत जानेवारी २०२२ ला संपली, त्याआधी डिसेंबरमध्ये कोल्हापूर, नागपूरच्या निवडणुका उरकल्या आणि सोलापूर, नगर मागं राहिले, मग महापालिका-झेडपीच्याच निवडणुका झाल्या नव्हत्या तर मत देणार कोण म्हणून वर्षानुवर्षं ती खुर्ची रिकामी राहिली. वरच्या सभागृहात जागा रिकामी असली तर कुणी मोर्चा काढत नाही, रस्त्यावर खड्डा असला तर निदान फोटो तरी येतो.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी तो चौकोन छापाल तेव्हा त्याच्या शेजारी जिल्ह्यातल्या ११ आमदारांची नावं छापा आणि प्रत्येकाला तुमच्या बातमीदारानं एकच प्रश्न विचारावा, राज्यसभेला तुमची पहिली पसंती कुणाला आणि दुसरी कुणाला. पक्षाचा एजंट सोडून कुणाला मतपत्रिका दाखवायला बंदी आहे, तोंडानं सांगायला नाही. जो सांगणार नाही त्याच्या नावापुढं "सांगितलं नाही" असं छापा. निवडणूक बिनविरोध झाली तर बिनविरोध करायला तुमची संमती होती का ते विचारा. आणि महाराष्ट्राच्या १९ खासदारांनी सोलापूर जिल्ह्यात निधीतून कुठली कामं सुचवली त्याची यादी जिल्हाधिकारी ऑफिसातनं मागवून एकदा द्या, मोठी असली तर दोन दिवसात द्या, एका ओळीत मावली तरी द्या.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर